शेवटचे पान माझ्या फायलीत राहिले

हनीफभाई,

आजपर्यंत मी जे काही लिहिले ते कोणाच्या ना कोणाच्या वतीने लिहिले. अंगठा दुसऱ्याचा, सही दुसऱ्याची, अडचण दुसऱ्याची. माझा फक्त मजकूर. कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली बसून मी या तालुक्यातल्या लोकांची दुःखे मुद्द्यांत बसवली आणि प्रत्येक मुद्द्याला क्रमांक दिला. आज स्वतःचे लिहायला बसलो आहे, तर पहिला मुद्दा कोणता हेच ठरत नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. तुम्ही समोर असता तर म्हणाला असतात, "मुन्शीजी, कोरा कागद फाडला? तब्येत ठीक हाय ना?"

तब्येत ठीक नाही, हनीफभाई.

तुमचा जन्म कुठला, वय किती, पाठीमागे कोण कोण, हे मी येथे लिहिणार नाही. ते सगळे जमलेल्या लोकांचे सांगून झाले. यंत्रमागाच्या कारखान्यात, दुपारच्या शिफ्टमध्ये, दुरुस्तीला उघडलेल्या लूमशेजारी, हातात पाना असताना तुम्ही खाली बसलात आणि पुन्हा उठला नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला एका खोक्याविषयी बोलायचे आहे. तो खोका आत्ता माझ्या टेबलावर आहे. सात वर्षे तो तुमच्या कपाटावर होता आणि त्याचा एक कागद माझ्या फायलीत होता. दोघांची भेट व्हायला तुम्हाला जावे लागले.

तुमची माझी ओळख झाली तीही कागदावरून. भाभींचे नाव रेशनकार्डावर चढवायचे होते. मी चार पानी अर्ज लिहिला, 'सबब' आणि 'उपरोक्त' यांची कुठे कमतरता ठेवली नाही. तुम्ही तो हातावर तोलून पाहिलात आणि म्हणालात, "सूत लई वापरलं मुन्शीजी. कपडा तर रुमालाएवढाच हाय." पत्र्याखाली बसलेले सगळे हसले. माझ्या लिखाणावर हसण्याची कोणाची तोपर्यंत हिंमत झालेली नव्हती. नववीत शाळा सुटली असली तरी माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो मी स्वतःच सांगत असे. मी तुमच्यावर दोन दिवस रागावलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही न सांगता माझ्या खुर्चीचा हलणारा पाय बसवून गेलात. तो पाय आजतागायत हललेला नाही.

मग ते वर्ष आले. ऐंशीचे दशक संपत आले होते. भाभींचे भाऊ सलीमभाई सौदीतल्या दम्मामहून आले. सगळ्यांसाठी घड्याळे, अत्तरे आणि कापड. तुमच्यासाठी मात्र हा खोका. त्यांच्या अमेरिकन साहेबाच्या घरचा. साहेबाच्या मुलाने तो उघडला, आतले सुटे भाग आणि चित्र पाहिले आणि हे फार कठीण आहे म्हणून टाकून दिला. सलीमभाईंना वाटले, आमचा मेहुणा कुठलीही वस्तू बनवतो, त्याला नेऊ. तुम्ही तो सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून थेट माझ्याकडे आणलात, कारण आतला सगळा मजकूर इंग्रजी होता, आणि इंग्रजी वाचणारे तुमच्या माहितीत दोनच: बँकेचे मॅनेजर आणि मी.

माझे इंग्रजी अर्जातले होते हे तुम्हाला मी कधी सांगितले नाही. 'नम्रपणे निवेदन करतो' हे मला तीन प्रकारे लिहिता येत असे. पण पंख, शेपूट, लाकडाचा पापुद्रा यांना इंग्रजीत काय म्हणतात, ते मी रोज सकाळी शब्दकोशात पाहून येत असे आणि दुपारी तुमच्यासमोर जणू पाठ असल्यासारखे वाचत असे. आतल्या जोडणीच्या पत्रकाची पाने आठ होती. पहिल्या पानावर लिहिले होते: केवळ अनुभवी व्यक्तींसाठी. मी चष्मा काढून म्हणालो, "ही अट आहे हनीफभाई. अनुभवाचा दाखला कुठून आणणार?" तुम्ही दोन्ही पंजे टेबलावर ठेवलेत. बोटाबोटांत काळे तेल मुरलेले, डाव्या अंगठ्याचे नख लूमच्या धोट्याने फोडलेले. "हा घ्या दाखला. शिक्का पण हाय त्याच्यावर."

ती वस्तू काय होती हे आपल्या दोघांना कळायलाच दोन आठवडे गेले. वर जाताना ते रॉकेट. पंख अंगाला मिटून घेतलेले, बाणासारखे सरळ वर. आणि ते पंख मिटून ठेवणार कोण, तर एक साधा धागा. शेंड्याला पोचल्यावर दारूचा शेवटचा भडका उडतो, त्यात धागा जळतो, रबर पंखांना बाहेर ओढते आणि बाणाचे पाखरू होते. मग ते घारीसारखे गोल गोल फिरत हळू खाली उतरते. मी हा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. "परत वाचा. धागा जळतो, मग काय?" मी परत वाचले. कचेरीच्या मागच्या शेडमधल्या लूम खडखडत होत्या. मग म्हणालात, "जिंदगीभर तुटलेला धागा जोडला मुन्शीजी. धागा तुटला की लूम बंद, मालक बोंबलतो. आणि इथं बघा. तुटला की पंख उघडतात."

त्या दिवशी तुमचे त्या वस्तूवर मन बसले. मला दिसले होते. मी पाहिले नाही असे कोणी म्हणू नये.

पण बनवणे सोपे नव्हते. पंखांसाठी जे लाकूड दिले होते ते इतके हलके की तुम्ही नखाने दाबलेत तर खळगा पडला. "हे लाकूड न्हाय, बिस्किट हाय. चहात बुडवलं तर खाऊन टाकीन." ते पातळ घासायचे, पुढची कड गोल, मागची कड पात्यासारखी, आणि दोन्ही पंख वजनाला सारखे. एक जरी गुंजभर जड झाला तर सगळे भिरभिरत खाली. शिवाय दारूची नळी, म्हणजे त्याचे इंजिन, खोक्यात नव्हतीच. ती विमानातून आणता येत नाही. म्हणजे जे वर जाण्यासाठी बनवले होते, त्याला वर नेणारेच काही नव्हते. बनवून करायचे काय? महिनोन् महिने घासायचे, एका चुकीने मोडायचे, आणि मोडले नाही तरी उडायचे नाही.

म्हणून तुम्ही मला विचारलेत. तो प्रसंग मला शब्दाशब्दाने आठवतो. तुम्ही खोका माझ्याकडे सरकवलात आणि साध्या आवाजात म्हणालात, "तुम्ही सांगा मुन्शीजी. बनवू का नको?"

मी काय केले? मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'अनुकूल' आणि उजवीकडे 'प्रतिकूल' असे लिहिले. कोणतेही प्रकरण हाती घेण्यापूर्वी मी असेच करत असे. प्रतिकूल बाजूला अकरा मुद्दे झाले. अनुकूल बाजूला काय लिहावे हे मला सुचेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा, हनीफला आवडलं." मी ते लिहिले नाही. तो मुद्दा होऊ शकत नाही असे मी तुम्हाला समजावले.

आणि मग माझ्या नजरेस पत्रकाची ती ओळ आली: उडवण्यापूर्वी स्थानिक अधिकाऱ्यांची संमती घ्यावी. हनीफभाई, मला जणू घबाड सापडले. तोपर्यंत ते प्रकरण लाकडाचे आणि धाग्याचे होते, तुमच्या हातांचे होते. आता ते माझे झाले. मी म्हणालो, "आधी परवानगी, मग काम." तुम्ही म्हणालात, "इंजिनच न्हाय, तर परवानगी कसली?" मी म्हणालो, "उडणारी वस्तू म्हटले की झाले. उद्या कोणी तक्रार केली तर?" आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर अर्ज मी त्या दिवशी लिहिला. सहा पाने. त्याच वेळी राहनाळची एक आजी वारसनोंदीसाठी रांगेत बसली होती. तिने खोक्यावरचे चित्र पाहिले आणि विचारले, "ह्या इमानाला बी सात-बारा लागतो काय रं बाबा?" तुम्ही इतके हसलात की चहा नाकातून आला. मी हसलो नाही. मी तिला सांगितले, "आजी, कायद्याचे तुम्हाला कळायचे नाही."

तिला बरोबर कळले होते.

एक गोष्ट मी आणखी केली. सात पाने मी तुम्हाला वाचून दाखवली होती. आठवे, शेवटचे पान उड्डाणाचे होते. परवानगी नसताना उड्डाणाचा मजकूर वाचणे मला नियमबाह्य वाटले. मी म्हणालो, "ते पान परवानगीनंतर," आणि ते सुटे काढून अर्जाच्या प्रतीसोबत फायलीत लावले. तुम्ही हात पुढे केला होतात. तो मागे घेतलात.

पुढची वर्षे तुम्ही माझ्याशी भांडत होतात आणि मला ते भांडण वाटत नव्हते, इतके तुम्ही हसत भांडत होतात. इंजिनाची अडचण तुम्हीच सोडवलीत. एका दुपारी आलात आणि म्हणालात, "वर न्यायला पतंग हाय की! पतंगाच्या दोरीला ह्याला टांगायचं. आणि धागा जाळायला उदबत्ती. उदबत्तीचा तुकडा धाग्याला बांधायचा, पेटवून वर सोडायचं. जळत जळत धाग्याला पोचली, की धागा खलास, आपलं पाखरू मोकळं." मी हे अव्यवहार्य ठरवले. तुम्ही ऐकले नाहीत. घरी बसून उदबत्त्या मोजून जाळू लागलात, एक पेर जळायला किती मिनिटे, वारा असला तर किती. भाभी दारातून ओरडल्या होत्या, मी स्वतः ऐकले आहे: "घरात मौलूदचं पठण न्हाय, मय्यत न्हाय, आणि हे दिवसभर उदबत्त्या जाळत बसलेत!" तुम्ही म्हणालात, "मुन्शीजींच्या अर्जाला धूप देतो हाय. लवकर पास होईल."

धाग्यावरूनही वाद. मी म्हणालो, पॉलिस्टर मजबूत. तुम्ही दोन्ही धागे काडीपेटीवर धरून दाखवलेत. पॉलिस्टर वितळून बोटाला चिकटला, सुती राख होऊन सुटला. "बघा. सुती सोडून देतो. हा चिकटून बसतो, तुमच्यासारखा." मी म्हणालो, तरीही लेखी पुरावा हवा. हा वाद मिटला नाही. आज मी लेखी देतो: सुती धागा बरोबर होता.

दापोड्याच्या माळावरची ती सकाळ आठवते ना? तुम्ही मला सायकलवर डबल सीट घेऊन गेलात. पाखरू तर बनवलेले नव्हते, माझी मनाई होती. म्हणून त्याच्या वजनाची एक सुताची कांडी पतंगाच्या दोरीला टांगलीत. पहिल्या खेपेला उदबत्तीने पतंगाचीच दोरी जाळली आणि पतंग राहनाळच्या गोदामांवर निघून गेला. तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "गेला बिचारा, हमाली करायला." दुसऱ्या खेपेला नवा पतंग चढला. कांडी त्याच्याखाली हलत हलत वर गेली. मी घड्याळ पाहत होतो, म्हणजे तुमच्याकडे पाहावे लागू नये. आणि सांगितलेल्या मिनिटाला, बरोबर त्या मिनिटाला, धागा सुटला आणि कांडी खाली पडली. तुम्ही दुखऱ्या गुडघ्याने लंगडत धावलात आणि गवतातून ती उचलून माझ्यापुढे धरलीत. तुमचा चेहरा, हनीफभाई! मोठ्या माणसाचा असा चेहरा मी त्यानंतर कोणाचा पाहिलेला नाही.

मी म्हणालो, "कांडी म्हणजे विमान नव्हे."

तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय." कांडी खिशात टाकलीत. परत येताना तुम्ही त्याच गुडघ्याने पायडल मारत होतात, आणि मी मागे बसून तुम्हाला एका सहकारी सोसायटीच्या दाव्याची हकिकत सांगत होतो.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षे लोकांना मी सांगत आलो की अर्जात मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी, आणि स्वतःची मी इथवर लांबवली.

परवानगीचे उत्तर आले होते. तीन वर्षांपूर्वी. चार वर्षे तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, कारण होय म्हणण्याचा अधिकार नक्की कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी एका कारकुनाने मला आत बोलावले आणि दहा माणसांसमोर उत्तर मोठ्याने वाचले. नमूद वस्तू हे खेळणे असल्याने कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही. अशा बाबींसाठी अर्ज करून कार्यालयाचा वेळ घेऊ नये. मग हसून म्हणाला, "अर्ज मात्र फर्मास हं, रायटरसाहेब! आमच्या पोराच्या भोवऱ्यासाठी पण एक द्या लिहून." सगळे हसले. मी कागद घडी घालून घेतला आणि बाहेर येऊन बसलो. त्याच दुपारी तुम्ही आलात आणि विचारलेत, "काही कळलं?"

मी म्हणालो, "प्रकरण प्रलंबित आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, मान हलवलीत आणि दोन चहा सांगितलेत.

मी पुढच्या महिन्यात सांगणार होतो. मग ईदनंतर. मग वाटले, आता सांगितले तर इतके दिवस का नाही सांगितले असे होईल. खोटे जुने झाले की त्यालाही मुदतवाढ घ्यावी लागते. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी विचारत होतात, आणि एक दिवस विचारणे बंद केलेत. मला बरे वाटले. मला वाटले, तुम्ही विसरलात. मधल्या काळात दापोड्याच्या त्या माळावर गोदाम उभे राहिले. आपण दोघे तिथून एसटीने गेलो तेव्हा तुम्ही खिडकीतून पाहून इतकेच म्हणालात, "जागा गेली." त्या दिवशी आपण वज्रेश्वरीला तुमचा गुडघा शेकायला निघालो होतो. गरम पाण्यात पाय सोडून तुम्ही पलीकडच्या टेकडीकडे पाहत बसलात. "तिकडून सोडलं तर? पतंग पण नको. हातानं सोडायचं." मी म्हणालो, "परवानगी आल्यावर." तुम्ही हसलात. "हां हां, आल्यावर. मी फक्त बघतो हाय. बघायला तर कागद लागत न्हाय ना?"

त्या पाण्यात माझेही पाय होते. शेजारी दुसरे कोणी नव्हते. मी तिथे सांगू शकलो असतो.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. सलीमभाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवले. भाभी इद्दतीत, विधवेच्या एकांताच्या मुदतीत, असल्याने पडद्यामागे होत्या. त्यांनी आतून आवाज दिला, "सलीम, तो खोका दे मुन्शीजींना." मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठेवलेलं. माझं काही झालं तर मुन्शीजींना द्यायचा."

मी तिथेच उघडला. मला वाटले होते, आत सात वर्षांची धूळ असेल. आत दोन पंख होते. कापलेले, घासलेले, कड बोटाला लागू नये इतकी पातळ, पुढची बाजू जणू पाण्याने झिजवलेली. उजेडासमोर धरले तर पलीकडचे दिसावे असे. प्रत्येक भाग सुती चिंधीत वेगळा गुंडाळलेला. कांडीवर चाळीस नंबरचा सुती धागा. खुणा केलेले उदबत्तीचे तुकडे एका काडेपेटीत. गोंदाची बाटली, न उघडलेली. सगळे झाले होते, हनीफभाई. फक्त जोडले नव्हते.

माझ्याच्याने राहवले नाही. मी पडद्याकडे तोंड करून सगळे सांगितले. उत्तर आले होते, मी लपवले. सलीमभाई खाली पाहत होते. मग भाभी म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं."

मी म्हणालो, "काय?"

"दोन पावसाळ्यांमागं ते स्वतः कचेरीत गेलेले. तिथल्या माणसानं सांगितलं, कधीच दिलं उत्तर. घरी आले, हसत होते. मी म्हटलं, मग आता बनवा की, कपाटावरची सुटकेसची जागा कधीची अडवून ठेवली त्या खोक्यानं. तर म्हणाले, आधी मुन्शीजी सांगतील. मी बनवून समोर ठेवलं तर त्यांना तोंड लपवायला जागा राहणार न्हाय. एक दिवस सांगतील. मी म्हटलं, आणि न्हाय सांगितलं तर? तर म्हणाले, मी तोवर घासतो. घासायचं काम संपतच न्हाय."

दोन वर्षे तुम्ही माझ्यासाठी पंख घासत बसलात. रोज माझ्यासमोर चहा पीत होतात. तो शेवटचा चहासुद्धा, जाण्याच्या दोन दिवस आधी. कपात बिस्किट बुडवलेत, ते मोडून खाली पडले, तुम्ही म्हणालात, "बघा, नीट पकडलं न्हाय की असं होतं," आणि माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिलात. मी विचारले, "काय?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय. तुमचा शर्ट उसवलाय काखेत." तुम्ही मला अजून एक संधी देत होतात का? की खरोखरच शर्ट उसवला होता? घरी येऊन पाहिले. उसवला होता. तेवढ्यावरून मला काही ठरवता येत नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

माझ्या अर्जांवर लोक विश्वास ठेवत, त्याचा मला गर्व होता. तुम्ही अर्जावर कधीच विश्वास ठेवला नव्हता, रुमालाएवढ्या कपड्याला इतके सूत कशाला हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारले होते. तुम्ही थांबलात ते कागदासाठी नव्हे. 'बनवू का नको' हे तुम्ही कचेरीला विचारले नव्हते. तुम्हाला माझ्या तोंडून एक 'बनवा' ऐकायचे होते, आणि दोघांनी मिळून बसायचे होते. मी वाचायचे, तुम्ही जोडायचे. इतके साधे मला सात वर्षांत वाचता आले नाही.

घरी येऊन फाईल उघडली आणि ते आठवे पान काढले. शब्दकोश घेऊन बसलो. तुम्हाला द्यायचे राहिले होते ते आता देतो. माझ्या नेहमीच्या भाषेत नाही, तुम्हाला सांगितले असते तसे. सगळे जोडून झाले की एका बोटावर तोलून धरायचे. नाक जड झाले तर मागे, शेपूट जड झाले तर पुढे, मातीचा एक एक कण लावत जायचे, सरळ राहीपर्यंत. मग कुठेतरी गवत बघायचे, वारा पडलेला बघायचा, आणि पहिल्या खेपेला जोर न लावता नुसते हातातून सोडायचे. फेकायचे नाही. आणि शेवटची ओळ: सोडणाऱ्याला स्वतःचे उड्डाण नीट दिसत नाही, म्हणून शेजारी पाहणारा एक असावा.

हे पान मी तेव्हाच वाचले असते तर!

काल पुन्हा गेलो. पडद्याबाहेर उभे राहून भाभींना विचारले, मी जोडून पाहू का. माझ्या हाताला सवय नाही, मोडेलही. त्या म्हणाल्या, "मोडलं तर मोडलं. कपाटावर पडून काय अंडी घालणार हाय?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "चार महिने दहा दिवस मला बाहेर पडता यायचं न्हाय. तोवर करा. त्याच्यानंतर वज्रेश्वरीच्या एसटीत मी पण बसणार. त्यांनी काय एवढं घासलं ते मला बघायचंय." आयुष्यभर मी लोकांना मुदती लिहून दिल्या. मला कोणी मुदत घालून देण्याची ही पहिलीच वेळ.

तर माझे मत, जे तुम्ही मागितले होते, ते उशिराने सादर करतो. प्रतिकूल मुद्दे अकरा. ते सगळे आजही खरे आहेत; कठीण आहे, मोडण्यासारखे आहे, इंजिन नाही, माळही गेला. अनुकूल मुद्दा एक: हनीफला आवडले. बनवा, हनीफभाई.

आज सकाळी टेबलावरचे सगळे अर्ज बाजूला केले. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितले. पत्र्याखाली, तुम्ही बसवलेल्या पायाच्या खुर्चीवर बसून गोंदाची बाटली उघडली आणि डावा पंख बिजागरीसकट मधल्या दांडीला लावला. तुमच्या कामात कुठे खोट नाही. सांधा आपोआप बसायला हवा होता. मी दाबताना घाई केली आणि पंख एका बाजूला कलला आहे. तो वाळेपर्यंत हे लिहून काढू असे ठरवले होते, पण आत्ता वर पाहिले तर आणखी कललेला दिसतो. गोंद अजून ओला आहे, तोवर सरळ करता येईल. लेखणी ठेवतो.